मागाच्या खड्ड्यातलं सैपाकघर

कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्याकडं जाताना, पूल लागायच्या आधी, नदीच्या अंगाले एक खानावळ आहे. समोरून पाहाल तं काही विशेष नाही. पत्र्याचं छप्पर, बाकडे, उभ्या असलेल्या ट्रका. पण बाजूनं जाऊन मागच्या सैपाकघरात डोकावून पाहा. तिथं आम्ही बाया मांड्यांपर्यंत जमिनीत रोवल्यासारख्या उभ्या असतो, अन् आमच्या समोर, ओट्याच्या पलीकडं, एक जण जमिनीवर बसलेली असते. दोन्ही हातांवर हे एवढी लांब रोटी झुलवत. नवं गिऱ्हाईक बावचळते. म्हणते, "बाई, तुम्ही खड्ड्यात काहून उभ्या?" मी म्हणते, "जेव आधी. पोटात गेलं की डोक्यात उतरन."

मी निर्मला. रस्सा माझ्या हातचा. माझ्या तोंडाले कडी नाही असं आमचा मालक म्हणते, अन् तेवढ्यापुरता तो खरं बोलते. पण आज माझं नाही, रेणूचं सांगायचं आहे. ती जी ओट्यापलीकडं बसली असते न, ती रेणू.

गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती आमच्याकडं आली. नदीवर धुकं इतलं की पूल दिसत नव्हता, फक्त त्याच्यावरून जाणाऱ्या ट्रकांचे दिवे हवेत तरंगत जायचे. त्या धुक्यातून जमिनीलगत काहीतरी येताना दिसलं. मले वाटलं वासरू असन. जवळ आलं तं पोरगी. हातात रबरी चपला घातलेल्या, हातावर जोर देऊन अंग पुढं ढकलत येऊन राहिली. दारात थांबली. चपला काढल्या, आपण पायातल्या ठेवतो तशा उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या अन् म्हणाली, "हात धुवाले पाणी द्या, अन् मडकं दाखवा."

बाप्पा! मी मनात म्हणलं, ही नोकरी मागाले आली का खानावळ विकत घ्यायले?

आमच्याकडची लांब रोटी तुम्हाले माहीत असन. कणीक इतली सैल मळायची की ती हातात थांबत नाही. मंग तिले हातावर आपटायचं, या हातावरून त्या हातावर घ्यायचं, लांबवत लांबवत पार कोपरापर्यंत आणायचं, अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायचं. कोणाच्या हातात गोळा फाटते, कोणाची रोटी मडक्यावर जाऊन चुरगळते. रेणूनं पहिलाच गोळा घेतला. हातावर चालून चालून तिचे दंड असे भरलेले, अन् बोटं मात्र सूत हाताळणाऱ्याची. रोटी कोपरापर्यंत आली, अन् टाकायच्या आधी तिनं ती उजेडाकडं धरली. आरपार दिसत होतं. "पाहा न, मावशी," ती म्हणाली, "रोटीतून पूल दिसून राहिला."

"टाक आधी, मडकं जळते!" मी वरडली. ती माझी अन् तिची पहिली बोलणी. मोठे मालक, म्हणजे आताच्या संजीवचे वडील, बाजूले उभे होते. त्यांनी चपला उचलल्या अन् दवात भिजणार नाही अशा ठिकाणी ठेवून दिल्या. त्यावरून आम्ही समजलो की ही आता इथलीच.

रेणूचा बाप भैय्यालाल, मूळचा मोहाडीकडचा विणकर, त्याच साली आमच्या मागच्या गल्लीत राहाले आलेला. घरात हातमाग. आता मागाखाली खड्डा असते. विणणारा जमिनीवर बसते, पाय खड्ड्यात सोडते अन् पायानं खालच्या फळ्या दाबून सूत वर-खाली करते. हातापेक्षा पायाचंच काम जास्त. रेणूले लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. मंग ती खड्ड्यात पाय सोडून करन काय? घरातले सगळे त्या खड्ड्यात उतरले, ती काठावर बसून सुताच्या कांड्या भरत राहिली. दसऱ्याले मागाची पूजा झाली की तिले पेढा मिळायचा, पण जागा मिळत नव्हती. हे तिनंच मले एकदा सांगितलं, पण रडत नाही, हसत. मलेच राग आला. कोणावर, हे समजत नव्हतं, म्हणून मी जनाबाईवर काढला. जनाबाई म्हणजे आमच्या सैपाकघरातली भाजी चिरणारी, ताडासारखी उंच, अन् तिच्यावर काढलेला राग तिले अर्ध्या तासानं कळते.

तेव्हाचं आमचं सैपाकघर म्हणजे सारवलेली मातीची जमीन. चुली खाली, पाटे खाली, परात खाली. आम्ही सगळ्या बसूनच करायचो. रेणू मडक्यापाशी, मी रस्स्यापाशी, जनाबाई विळीवर. बसल्यावर कोण चालते अन् कोण नाही, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मडक्याच्या धगीनं अन् धुरानं सगळ्यांचे चेहरे सारखेच लाल.

अन् सपनं! माय वो, त्या पोट्टीची सपनं. रोज सकाळी आली की हात कोपरापर्यंत धुवायची, पहिली रोटी मडक्यावर टाकायची अन् सपन सांगाले लागायची. "काल रात्री वैनगंगा आमच्या घरात आली, मावशी. काहीच मोडलं नाही तिनं. हळूच मागाच्या खड्ड्यात उतरली, मावली अन् झोपून गेली." कधी लाखांदूरची यष्टी धानाच्या बांधीतून बिनरस्त्याची चाललेली, आतले सगळे झोपलेले. कधी तिची रोटी लांब होत होत पार पलीकडच्या काठाले लागलेली, अन् लोक तिच्यावरून चालत भंडाऱ्याले बाजाराले जाऊन राहिले. मी म्हणायची, "तुझ्या डोक्यातलं पाणी सैल झालं, जरा पीठ टाक." पण खरं सांगते, ती एखाद्या दिवशी आली नाही की रस्स्याले रंग येत नव्हता.

एकदा मी विचारलं, "सपनात तं चालत असशीन न तू?"

ती माझ्याकडं असं पाहाले लागली जसं मीच काही वेड्यासारखं बोलली. "नाही. सपनात मी कधीच चालत नाही. तुम्ही सगळे बसले असता."

"बह्याड आहेस," मी म्हणली, अन् कांदा परतवाले लागली.

मंग रस्ता रुंद व्हायचं निघालं. तोपर्यंत मोठे मालक देवाघरी गेले होते, खानावळ संजीवच्या हाती आली होती. संजीव माझ्या डोळ्यासमोर वाढलेलं पोरगं. मनानं चांगला, पण घाई फार. जुनं झोपडं मोडलं अन् मागं, नदीच्या उताराकडं, नवं सैपाकघर बांधलं. भिंतीले पांढऱ्या टाईल्स. गॅसच्या भट्ट्या. काळ्या गोट्याचा लांबलचक ओटा, कमरेच्याही वर. जमिनीवर सैपाक आता चालत नाही म्हणे, तपासाले येणारे लोक नाव ठेवतात. खरं आहे ते, मी काही म्हणत नाही. आम्ही सगळ्या पदर खोचून उभ्या झालो अन् मिरवाले लागलो. जनाबाईले तं पहिल्यांदा तिच्या उंचीचं काही मिळालं.

अन् रेणू खाली. तिच्या डोक्याच्या वर ओटा, ओट्याच्या वर मडकं. ती मान वर करून पाहून राहिली.

संजीव तिले विसरला नव्हता, हे मले सांगितलंच पाहिजे. त्यानं सुताराकडून तिच्यासाठी सागवानी उंच बैठक करून आणली. पाठीले टेका, समोर पडू नये म्हणून आडवी फळी, बसाले गादी. धान राखायले वावरात मचाण बांधतात न, तशी. आम्ही तिले मचाणच म्हणाले लागलो. नारळ फोडला, हार घातला. सकाळी मी अन् जनाबाई रेणूच्या काखेत हात घालून तिले वर चढवायचो, दुपार कलली की खाली उतरवायचो. समोरच्या बाकड्यावरून गिऱ्हाईकाले ती दिसायची, वर बसून रोटी झुलवताना. लोक कौतुक करत. संजीव गल्ल्यावर बसून फुगत होता, अन् मीही त्याच्यापेक्षा कमी फुगत नव्हती. आमची रेणू राणी झाली, असं साऱ्या कारध्याले सांगत सुटली होती मी.

पण सपनं थांबली. आधी मले वाटलं, वर वाफ जास्त लागत असन. मंग पाहते तं पोट्टीचे ओठ फाटलेले. चहा दिला तं म्हणे नको. उन्हाळा सुरू झालेला, मडक्याची धग तोंडावर, अंगातून घाम गळून राहिला अन् पाणी दिलं तं म्हणे, "मंग घेईन." तांब्या तसाच भरलेला माघारी. एक दिवस नाही, रोजचंच. मी एकदा तिचा तांब्या हिसकून तिच्या तोंडाले लावला. तिनं तोंड फिरवलं. डोळ्यात पाणी, पण घशात एक घोट घेतला नाही.

"काहून वो असं करतेस?" मी ओरडली. साऱ्यांनी वळून पाहिलं. रेणूनं पुढचा गोळा उचलला.

त्याच आठवड्यात तिनं अंथरूण धरलं. ताप, पोटात कळा. दवाखान्यात नेलं तं डॉक्टरनं सांगितलं, पाणी पीत नाही, लघवी रोखून धरते, त्यानं झालं. भैय्यालालभाऊनं मले हे सांगितलं तेव्हा ते खाली मान घालून बोलत होते. मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. मचाणावरून उतरायचं म्हणजे दोन बायांले हातातलं काम टाकून यावं लागते. ऐन गर्दीत, गिऱ्हाईकासमोर, मले जायचं आहे असं ओरडून सांगायचं. एकदा सांगितलं असन, दोनदा सांगितलं असन. मंग पोट्टीनं पाणीच सोडून दिलं.

ती बरी झाली, पण आली नाही. निरोप आला, मी येत नाही. इकडं संजीवची घालमेल. लांब रोटीशिवाय आमच्या खानावळीत कोण येते? पाऊसकाळ कसाबसा काढला, पोळ्या लाटून. मंग त्यानं मले सांगितलं, "मावशी, दसऱ्यापर्यंत वाट पाहतो. नाही आली तं नागपूरवरून तंदूरवाला आणतो. मी तिच्यासाठी काय कमी केलं, सांग?" त्याचं तोंड इतलंसं झालं होतं.

मंग मी तिच्या घरी गेली. घर आमच्या खानावळीच्या मागच्याच गल्लीत. भर दुपार, दार उघडं, आत अंधार अन् गारवा. कौलातल्या फटीतून उन्हाची एक पट्टी मागावर पडलेली, तिच्यात सुताचे तंतू अन् धूळ हळूहळू फिरून राहिले. मी दारातच थांबली. भैय्यालालभाऊ मागाच्या खड्ड्यात उभे होते, काहीतरी तुटलेलं बांधून राहिले होते. काठावर रेणू बसलेली. त्यांचे कोपर जमिनीवर टेकलेले, तिचे कोपर तिच्या मांडीवर, अन् दोघांचे चेहरे एकमेकांसमोर, एकाच उंचीवर. ते सूत तिच्या हातात देत, ती गाठ मारून परत देई. न वाकता, न उठता. मी किती वेळ पाहत राहिली, मले माहीत नाही. वाटत होतं की आपण रेणूच्या सपनात येऊन उभ्या आहोत अन् आवाज केला तं ते मोडन.

रेणूनंच पाहिलं. "मावशी, मी येत नाही," ती म्हणाली. "मले काम पाहिजे, मले मडकं पाहिजे. पण मले उचलून ठेवायचं असन तं नको. मी काय देव आहे, बसवला अन् उठवला?"

"नको येऊ मचाणावर," मी म्हणली. माझा आवाज मलेच ओळखू येत नव्हता. "तू जमिनीवरच बस. आम्ही खाली येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे अशा." मी भैय्यालालभाऊकडं बोट दाखवलं. "खड्ड्यात."

बापलेक एकमेकांकडं पाहाले लागले. मंग रेणू हसली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा.

आता संजीवले सांगायचं होतं. मी गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली अन् म्हणलं, "ओटा फोडायचा आहे."

"कोणता ओटा?"

"तुझा. काळा."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्याले सगळं सांगितलं, पाण्याचं सुद्धा. ते ऐकून त्यानं उघडा गल्ला बंद केला. मंग म्हणे, "मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"तुले कशी सांगन, बावा? पोरगी आहे ती."

"पण खड्ड्यात उभ्या राहतीन बाया? लोक हसतीन. पाणी साचन. तपासाले येणारे काय म्हणतीन?"

तेवढ्यात मागून भैय्यालालभाऊ आले. ते कधी कोणाच्या बोलण्यात पडत नाही, पण त्या दिवशी पडले. म्हणाले, "आमच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खड्ड्यात पाय सोडून पोट भरत आली. त्यात लाज कायची? अन् तुमची जागा उताराची आहे. पाणी आपसूक नदीकडं जाईन. खोदतो मी."

अन् त्यांनी खोदलं. म्हणजे मजूर होते, पण माप त्यांचं. रेणूले जमिनीवर बसवलं अन् तिच्या कोपराखाली सुताची दोरी धरली. ती जिथं आली, तिथं नवा ओटा, जमिनीपासून वीतभर उंच. म्हणजे सैपाक जमिनीवर नाही, ओट्यावरच झाला, कोणी नाव ठेवायचं कारण नाही. मंग जनाबाईले खड्ड्यात उभी केली अन् तिचा कोपर त्याच दोरीले लागेपर्यंत माती काढली. दोन पायऱ्या, घसरू नये असा खरखरीत फरशीचा तळ, उताराकडं नाली. रेणूच्या बाजूनं बाहेरच्या दारापासून मडक्यापर्यंत सपाट, कुठं उंबरा नाही. अन् तिच्याच बाजूले, तिच्याच जमिनीले लागून, एक संडास. दार रुंद. आतली कडी खाली, बसल्या माणसाच्या हाताले येईन अशी. आता मी त्यात गेली की मले कंबर मोडून कडी लावावी लागते अन् मी भैय्यालालभाऊच्या नावानं बोटं मोडते.

संजीवनं ते मचाण काय केलं म्हणता? उलटं करून त्याच्या फळ्या काढल्या. एक फळी माझ्या नशिबी आली. झालं असं की खड्ड्याचं माप जनाबाईच्या उंचीनं काढलेलं, अन् मी तिच्या खांद्याले लागते. मी खड्ड्यात उतरली तं ओटा माझ्या छातीशी. रस्सा ढवळाले हात वर करावे लागून राहिले. सगळ्या हसाले लागल्या. रेणू तं हसून हसून आडवी. "मावशी," ती म्हणे, "तुह्यासाठी मचाण आणू का?"

"जास्त बोलू नको, रोटी पाह!" मी म्हणली. शेवटी संजीवनं मचाणाची फळी माझ्या पायाखाली टाकली. मी अजूनही त्या फळीवर उभी राहून रस्सा करते.

दसऱ्याच्या दिवशी नवं सैपाकघर सुरू झालं. सकाळी भैय्यालालभाऊनं घरच्या मागाची पूजा केली अन् तसंच ताट घेऊन आमच्याकडं आले. खड्ड्याच्या काठावर हळद-कुंकू वाहिलं, अन् दारात येऊन पेढा रेणूच्या हातात दिला. तिनं तो तसाच हातात धरून ठेवला, किती तरी वेळ.

नदीवरून हलकं धुकं येऊन दारात थांबलेलं. मंग पेढा खाऊन ती आपली आपण आत आली. चपला काढून ठेवल्या, नळ खाली होता तिथं हात कोपरापर्यंत धुतले, सरकत मडक्यापाशी गेली. मी तिच्या समोर फळीवर उभी. अन् मले एकदम ध्यानात आलं की तो काळा ओटा झाल्यापासून मी या पोट्टीचा एक तं भांग पाहिला, वरून, नाही तं हनवटी, खालून. आज तिचे डोळे माझ्या डोळ्यासमोर होते. पिंगट आहेत तिचे डोळे. मी विसरून गेली होती.

पहिली रोटी कोपरापर्यंत लांबली. टाकायच्या आधी तिनं ती उजेडाकडं धरली, अन् या बारीले ती काय पाहते हे मलेही दिसत होतं, कारण आम्ही एकाच उंचीवर होतो. रोटीच्या आत पूल होता, पुलावर दिवे, अन् सगळं हळूहळू वाहून राहिलं होतं.

"काल सपन पडलं, मावशी," ती म्हणाली.

"सांग."

"काही नाही. असंच होतं. हे असंच."

ऐन दुपारी गर्दी उसळली. मडकं तापून लाल, रोट्यांवर रोट्या. रेणूनं पाठीमागं हात केला अन् तांब्या घेतला. पितळेचा, काठोकाठ भरलेला. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. जनाबाईही थांबली. रेणूनं तांब्या तोंडाले लावला अन् प्यायली. घट घट घट, मान मागं टाकून, हनवटीवरून पाणी गळ्यात उतरत होतं तरी थांबली नाही. सगळा प्यायली. रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

मी रडली. कोणाले काय वाटन याचा विचार नाही केला, रस्सा उकळत होता अन् मी खड्ड्यात उभी राहून रडून राहिली होती.

थोड्या वेळानं रेणूनं हात पुसले, हातात चपला चढवल्या अन् आमच्यापैकी कोणाकडंही न पाहता सरकत बाजूले गेली. कोणाले हाक नाही, कोणाचा हात नाही. दार लागलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

परत आली, हात कोपरापर्यंत धुतले, नवा गोळा उचलला. माझ्याकडं पाहून म्हणाली, "मावशी, रडणं झालं असन तं तांब्या भरून ठेव."